काही झाल्याशिवाय

"तोंडाने आवाज काढतात म्हणजे नेमकं काय करतात?" ताईंनी विचारलं.

बापाने मुलीकडे पाहिलं. ती शेजारच्या खुर्चीत दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. शाळा बुडवून त्याने तिला इथे आणलं होतं, कारण तिची आई म्हणाली होती, पोरीला बरोबर न्या, तिचं तोंड बघून तरी कुणाला पाझर फुटेल.

"सांगा, मोकळेपणाने सांगा," ताई म्हणाल्या. आमदार म्हणून निवडून आल्यापासून सत्तरीची माणसंसुद्धा त्यांना ताईच म्हणत, आणि त्याही कुणाशीही घरच्यासारखंच बोलत.

मग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या बापाने, भर कचेरीत, जीभ टाळूला लावून आवाज काढला.

"टप. टप. टप."

सेक्रेटरीला हसू फुटलं. त्याने ते खोकून लपवलं. मुलीने मान वर केली नाही. खुर्चीखाली तिचे पाय तेवढे एकमेकांना घट्ट चिकटले.

"तिसरीत असताना एकदा वर्गात... बाहेर जाऊ का म्हणून विचारत होती, बाईंनी सोडलं नाही. लहान होती हो. आता सातवीत आहे. तेव्हापासून नाव पडलंय, गळका नळ. उत्तर द्यायला उभी राहिली की मागून सुरू. जिन्यात सुरू, बसमध्ये सुरू. आता तर फोनवरही येतं. उचलला की पलीकडून नुसतं टप टप. परवा बाकावर पाणी ओतलं आणि फोटो काढले. अंगाला मात्र कुणी बोट लावत नाही."

"आणि शाळा काय म्हणते?"

"आवाज कुणी काढला त्याचं नाव सांगा म्हणते. अख्खा वर्ग काढतो, कुणाकुणाचं सांगणार? पोलिसांकडे गेलो. टप टप म्हणणं गुन्ह्यात बसत नाही म्हणाले. वर एक जण म्हणतो, उद्या पाऊस पडला तर त्यालाही आत टाकू का?"

ताईंनी समोरचा पाण्याचा ग्लास मुलीकडे सरकवला. "घे बाळा."

मुलीने ग्लासाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ती पीत नाही," बाप म्हणाला. "सकाळी घरातून निघाली की परत येईपर्यंत घोटभर पाणी घेत नाही. उगाच जावं लागायला नको म्हणून. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मूत्रपिंडं कामातून जातील. म्हणून आलोय ताई. कायदा करा. आम्ही तक्रार केली की शाळेला जबाब द्यावाच लागेल, असा काहीतरी करा. आत्ता तक्रार करतो आणि ती कुठल्या भिंतीत मुरते तेच कळत नाही."

ताईंना वाईट वाटत होतं, हे बापाला दिसत होतं. त्यामुळेच त्याला धीर आला होता.

"खोटं कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "हा विषय मी सभागृहात दोनदा मांडला. दोन्ही वेळा बाकं रिकामी. आम्हालाही लहानपणी चिडवायचेच की, बाकीचे म्हणतात, आम्ही काय मेलो? आता तुमच्या लिफ्टचंच घ्या. दरवर्षी तपासणी झालीच पाहिजे, हा नियम कधी आला?"

"लिफ्ट कोसळून माणूस गेला तेव्हा," बाप सवयीने बोलून गेला.

"बघा. लिफ्ट नुसती कुरकुरत होती तोवर कुणी ढुंकून पाहिलं नाही. काही झाल्याशिवाय हलत नाही हो कुणी. काही झालं, पेपरात आलं, लोक रस्त्यावर उतरले, की आठ दिवसांत कायदा. एकमताने. वर त्या लेकराचं नावही देतात कायद्याला."

बोलता बोलता त्यांची नजर मुलीवर गेली आणि त्या थांबल्या. मुलगी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. लक्ष देऊन ऐकत होती.

"तुमचं तसं नाही म्हणा," ताई घाईघाईने म्हणाल्या. "तुमची पोर चांगली समोर बसलीय. मी शाळेला फोन करते. पुढच्या अधिवेशनात पुन्हा बोलते."

सेक्रेटरीने पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर व्हरांड्यात जिन्यापर्यंत रांग लागली होती. बाप वाट काढत पुढे आणि मुलगी मागे, असे दोघे जिन्यापाशी आले. तिथे ती थांबली.

"बाबा, काय झालं म्हणजे होतो?"

"काय?"

"कायदा."

बाप तिच्यापाशी परत आला. "काही नाही. तुला काही व्हायचं नाही."

"मग नाही होणार," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. फळ्यावरच्या गणिताचं उत्तर सांगावं तसं तिने सांगितलं आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

बाप तिला ओलांडून घाईने दोन पायऱ्या खाली उतरला आणि वळला. दोन्हीकडचे कठडे धरून, तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरू लागला.

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत," तो म्हणाला. "तू ये. हळू ये."