लोलक

देवपूजा करताना आई घंटेचा लोलक चिमटीत धरून ठेवी. घंटा हाले, पण वाजत नसे. पलीकडच्या खोलीत, काळा कागद लावलेल्या खिडकीखाली, रात्रपाळीवरून आलेला मुलगा झोपलेला असे.

"वहिनी, घरात माणसं राहतात की मांजरं?" शेजारच्या कुंदाकाकू विचारत.

"हळू बोला हो, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

तो रात्रभर परदेशातल्या एकट्या वृद्धांचे फोन घेई. त्यांनी गळ्यात अडकवलेले मदतीचे बटण दाबले, की तो मऊ आवाजात सांगे, "घाबरू नका, मी आहे." मग मदत पाठवी, आणि ती पोहोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राही.

एकदा सकाळीच आई देवघरापुढे कोसळली. संध्याकाळी तो उठला, तेव्हा ती तिथेच पडून होती. डोळे उघडे, घंटा हातात.

"आई, मला उठवलं का नाहीस?"

तिचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. वाचा गेली होती, उजवी बाजूही.

"सकाळी आणायला हवं होतं," डॉक्टर एवढेच म्हणाले.

घरी आणल्यावर त्याने घंटा तिच्या डाव्या हातात दिली. "काही लागलं तर वाजव. लगेच येतो." तिने मान हलवली.

रात्री कुंदाकाकू सोबतीला थांबल्या. सकाळी तो कामावरून परतल्यावर त्या घरी गेल्या. तो झोपला, तो थेट दिवेलागणीला उठला. पाण्याचा पेला जमिनीवर लवंडलेला होता. आईचे ओठ सुकून चिरले होते. घंटा तिच्या हातातच होती. लोलक तिने चिमटीत गच्च धरला होता.