रेड्यावरचा यम

कार्ल्याच्या खाचरात इरावतीच्या विनोदी शॉर्टफिल्मचं शूटिंग चाललं होतं. हौशीरामआबांना काम मेलेल्या पापी माणसाचं. मेलेल्याला चष्मा कशाला, म्हणून तिनं तो काढून ठेवलेला. समोर रेड्यावर बसलेला मिशाळ यम त्यांना नुसता धुरकट दिसत होता.

"आबा, पाठांतर नको. एखादं खरं पाप आठवून बोला."

आबांना गहिवरून आलं. "देवा, दरसाल नांगरताना मी शेजारच्या शालूबाईचा बांध कोरला. तिला अजून पत्ता न्हाई."

"कट. झकास," म्हणत इरावतीनं चष्मा परत दिला.

यमानं मिशी उपटली. आत शालूबाई होती. तिचा रेडा दुसऱ्या कुणाला पाठीवर बसूच देत नव्हता.

"चला भाऊ," ती वरूनच म्हणाली, "मूळचा बांध कुटं व्हता, त्ये दावा."