अपूर्ण वर्तमानकाळ

"आय ॲम लाइकिंग धिस क्लास व्हेरी मच," ती म्हणाली आणि सरांनी खडू टेबलावर आपटला. खडूचे दोन तुकडे झाले.

"लाइक! नुसतं लाइक! आवडणं ही क्रिया नाही, स्थिती आहे. तिला आयएनजी लागत नाही. लव्ह, वॉन्ट, नीड, बिलीव्ह... किती वेळा सांगू?"

"सॉरी सर." तिने मान खाली घातली. मग पुन्हा सुरुवात केली. "बिफोर, आय वॉज वॉन्टिंग टु गो अब्रॉड. नाऊ आय ॲम नॉट वॉन्टिंग."

मागच्या बाकांवर खसखस पिकली.

सरांना सगळे 'आयएनजी सर' म्हणत. वय शेहेचाळीस. "मला संसार नाही, व्याकरण आहे," असं ते लोकांना सांगत आणि कुणी हसायच्या आत स्वतःच हसून घेत. ती इस्पितळात नर्स होती. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची म्हणून दोन वर्षांपूर्वी क्लासला आली. ड्युटीवरून थेट येई, पहिल्या बाकावर बसे. परीक्षेचं विचारलं की गोड हसून विषय बदले. सगळा क्लास तिला 'सिस्टर' म्हणायचा. सरांच्या तोंडून मात्र काही केल्या तो शब्द फुटत नसे. का, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. दुकानाच्या पाटीवरची चूक त्यांना रस्त्यापलीकडून दिसे. नाकासमोरचं चष्मा लावूनही दिसत नसे.

त्या दिवशी त्यांचा तोल गेला. "माझ्याच्यानं हे होणार नाही. तुम्ही दुसरा क्लास बघा. इथे राहिलात तर नापास व्हाल."

ती उठली. पुस्तक पिशवीत टाकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिला बाक रिकामा. तिसऱ्या दिवशीही. सरांनी उदाहरण म्हणून फळ्यावर 'आय नीड हर' लिहिलं, दचकून पुसलं आणि क्लास लवकर सोडला. जेवताना थोरल्या बहिणीपुढे त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. "दोन वर्षं घसा फोडला, ताई. पालथ्या घड्यावर पाणी!"

"घडा कुठला पालथा आहे ते आधी बघ," ताई म्हणाली. "आणि उद्या जाऊन माफी माग तिची."

सर इस्पितळात गेले. वाटभर वाक्यं घोकत होते. चूक माझी, शिकवण्यातच खोट, परीक्षेपर्यंत जादा तास घेतो. माफीचं व्याकरणही त्यांनी दोनदा तपासलं. वॉर्डाच्या दारात मात्र त्यांचे पाय थबकले. आत ती एका परदेशी आजोबांशी बोलत होती. आजोबांची बायको खाटेवर झोपली होती.

"आय नो यू वॉन्ट टु टेक हर होम," ती हळुवारपणे म्हणत होती. "आय अंडरस्टँड. बट शी नीड्स रेस्ट. आय बिलीव्ह शी विल बी फाइन."

आजोबांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

नो, वॉन्ट, अंडरस्टँड, नीड, बिलीव्ह. एकालाही आयएनजी नाही! सरांची छाती फुगली. शेवटी आपलंच शिकवणं फळाला आलं म्हणायचं. दारात उभ्या उभ्या त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटली.

तेवढ्यात तिने वळून पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखी ती गोरीमोरी झाली.

"सर, तुम्ही इथे?"

"परीक्षा आहे ना तुमची," सर चाचरले. "म्हटलं, जादा तास घेऊ. पण तुम्हाला तर सगळं येतंय. मग त्या दिवशी क्लासमध्ये..." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाक्य पुरं करता येईना. कान तापले.

तिने सावकाश हातमोजे काढले आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"परीक्षा मी मागच्या वर्षीच पास झाले, सर. मुद्दाम चुका करून करून थकले आता. पुढचं वाक्य तुम्ही बोला."