टेकडीपलीकडचं गाव

“सर, एकदा धुकं बंद करून बघू?”

पंखा बंद करू का, असं विचारावं इतक्या सहज प्रोग्रामर मुलीने विचारलं. धुकेमास्तर खुर्चीत सावरून बसले.

दुपारची वेळ होती. सगळं ऑफिस जेवायला गेलेलं. खिडक्यांचे पडदे ओढलेले, एसीची झोपाळू घरघर, आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर मास्तरांचा तो जगभर गाजलेला संगणकावरचा खेळ. हातात कंदील घेतलेला एक वाटसरू, एक टेकडी आणि धुकं. वाट टेकडीवर चढायची, धुक्यात शिरायची आणि कळायच्या आत वाटसरूला पुन्हा पायथ्याशी आणून सोडायची. खेळाला शेवटच नव्हता. लोक वेडे झाले होते. हे धुकं म्हणजे आयुष्य, असं जाणकारांनी लिहिलं. मग मास्तरांनीही देशोदेशी भाषणं ठोकली, की जे दिसत नाही त्याचा आदर करायला शिका. टाळ्यांचा पाऊस पडला. धुकेमास्तर हे नाव तेव्हापासूनचं.

खरी गोष्ट एवढीच होती, की त्या काळच्या यंत्रांना लांबचं काही दाखवणं झेपतच नव्हतं. म्हणून घातलं धुकं. झाकली मूठ सव्वा लाखाची! आता तोच खेळ नव्या यंत्रांसाठी पुन्हा तयार होत होता, आणि या मुलीने अडगळीतल्या जुन्या संगणकातून त्याचं मूळ काम शोधून काढलं होतं.

“पलीकडे काही नाही गं,” मास्तर म्हणाले. “पांढरं फटक दिसेल नुसतं.”

“बघू तर खरं!” ती हसली. “मी शाळेत असताना बाबा गेले, सर. तेव्हा मी तासन्‌तास तुमच्या धुक्यात चालत राहायचे. वाटायचं, पलीकडे नक्की कुणीतरी असणार. इथे नोकरी लागली तर आई म्हणते, जरा बेतानं हं, दुरून डोंगर साजरे.”

पलीकडची रिकामी पाटी हिला दिसली, की आपलं पितळ उघडं पडणार. बाकी जगाचं काही नाही, पण हिच्यासमोर नको, असं त्यांना फार वाटलं. त्यांची मान नुसतीच हलली. तिने तो होकार समजला आणि कळ दाबली.

धुकं हळूहळू विरलं. टेकडीपलीकडे एक गाव होतं.

उतारावर घरं होती. दोरीवर कपडे वाळत होते आणि वाऱ्याने हलत होते. भिंतीवर मांजर पेंगत होतं. एका खिडकीला ठिगळ लावलेला हिरव्या चौकड्यांचा पडदा होता. प्रत्येक दार किंचित तिरकं होतं. मास्तर स्क्रीनजवळ सरकले. अशी तिरकी दारं जगात एकच व्यक्ती काढायची.

खेळ बनवला तेव्हा ते मास्तर नव्हते, नुसते दादा होते. भाड्याच्या खोलीत, त्याच हिरव्या पडद्याआड, त्याने आणि धाकट्या बहिणीने हा खेळ बनवला. तो प्रोग्राम लिहायचा, ती चित्रं काढायची आणि ती हलतीबोलती करायची. एकदा तिने विचारलं, “दादा, हा माणूस चाललाय तरी कुठे?” तो वैतागला होता. “कुठेच नाही. पलीकडे काही काढत बसू नकोस. कुणाच्या बापाला दिसणार आहे?” ती मात्र काढत राहिली. पुढे खेळ विकायला पाठवताना डिस्कवर जागा कमी पडली, तेव्हा त्याने टेकडीपलीकडचं सगळं कापून टाकलं. तिथे नुसता रिकामा माळ असेल असं धरून उघडून बघितलंसुद्धा नाही; मूळ काम तेवढं जुन्या संगणकात तसंच राहिलं. मग बक्षीस मिळालं. मंचावर तो ‘मी, मी’ करत बोलला, आणि पुढच्याच रांगेत बसलेली धाकटी त्यानंतर कधी कामाला आली नाही. आता ती दुसऱ्या शहरात मुलांना चित्रकला शिकवते. वाढदिवसाला फोन होतो, तोही तब्येतीपुरता.

या मूळ खेळात वाट मागे वळली नाही; मुलीने वाटसरूला गल्लीतून चालवत शेवटच्या घरापाशी नेलं. पायरीवर दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. ती उठून उभी राहिली आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली.

‘आलास, दादा? हातपाय धुऊन घे. मी जेवायची थांबलेय.’

त्या खोलीवर तो उशिरा यायचा, तेव्हा धाकटी रोज हेच म्हणायची.

प्रोग्रामर मुलीचे डोळे घळाघळा वाहत होते. “अगं बाई! म्हणजे शेवट होता, सर! कुणाला कधी दिसणार नव्हतं, तरी एवढा जीव ओतलात? आणि कधी चकार शब्द काढला नाहीत?” तिने फोन उचलला. “आत्ताच्या आत्ता आईला सांगते. म्हणावं, हा डोंगर जवळूनही साजरा आहे.”

मास्तर नुसते गप्प बसले असते, तरी हे श्रेयही त्यांचंच झालं असतं. गप्प बसण्यात तर त्यांचा हातखंडा होता. पायरीवरची मुलगी वाट बघत तशीच उभी होती.

“आईला नको लावूस,” ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना ओळखू येईना. “माझ्या बहिणीला लाव. हे गाव तिचं आहे. घर तिचं, दारं तिची, शेवटही तिचाच.”

फोन धरलेला प्रोग्रामर मुलीचा हात थबकला. “आणि तुमचं काय, सर?”

“धुकं,” मास्तर म्हणाले. “तेवढं माझं.”