उत्तरेचा वारा ओसरल्यावर

पौषात उत्तरेचा वारा सुटला, तशी न्हानू कुबलांनी शिडाची होडी वाळूवर ओढून घेतली. वारा ओसरेपर्यंत डागडुजी उरकायची आणि मग खाडीपलीकडे आक्काला, थोरल्या बहिणीला, भेटायला जायचं, हा त्यांचा दरवर्षीचा नेम. यंदाही त्यांनी फटींत कापूस ठासला, शिडाला ठिगळ लावलं, रंगाचे दोन हात दिले.

बाराव्या दिवशी वाऱ्याचा जोर ओसरला. शेजारचा दिगंबर म्हणाला, "काका, होडी लोटूया?"

"रंग ओलो आसा."

दिगंबरने फळीवर तळवा टेकवला. तळवा कोरडाच राहिला.

"श्रावणात आक्का गेली, म्हणान टाळतास?" त्याने हळूच विचारलं.

न्हानूंनी पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहिलं. "मी फेकलेलो दोर तीच धरी," ते म्हणाले. "थंय आता कोण आसा?"

"मी येंव काय?"

"नको."

दुपारी ते एकटेच निघाले. मंद वाऱ्यावर पलीकडे पोचायला तास लागला. दोर हातात घेऊन ते थोडा वेळ होडीतच उभे राहिले. मग कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि होडी ओढू लागले.