पाइपावर टेकवलेलं होकायंत्र

बेला आपटेकरच्या हातातल्या होकायंत्राची सुई गर्रकन फिरली. ती चार पावलं मागे सरली. सुई परत जागेवर. नव्या बोअरच्या तोंडाशी ठोकलेल्या लोखंडी पाइपाजवळ गेली, की पुन्हा पाव फेरा.

अहो, लोखंडाजवळ होकायंत्र धरू नये, हे सहावीतलं पोरही सांगेल! आणि ही बाई भूशास्त्रातली सुवर्णपदकवाली. गेल्या वर्षी शिरढोणमागच्या याच डोंगरात, असल्याच पाइपावर होकायंत्र टेकवून तिने उत्तर दिशा ठरवली होती. मग आत कॅमेरा सोडला. भोकाची भिंत ज्या दोन बाजूंना ढासळते, त्यांच्या काटकोनात डोंगराचा सर्वांत जास्त दाब असतो. दाब उत्तर-दक्षिण आहे, असं तिने सहीनिशी लिहून दिलं. त्या भरवशावर पाण्याचा बोगदा उत्तर-दक्षिण, दाबाच्याच रेषेत खणला; बाजूंना दाब कमी, म्हणून आधारही कमी दिले.

सुई पाव फेरा चुकली, म्हणजे दाब खरं तर पूर्व-पश्चिम; तो सगळा बोगद्याच्या थेट बरगडीत बसत होता. आठवडाभर आत भिंतींचे टवके उडत होते, ते उगाच नव्हे.

"बळीरामदादा, गेल्या वर्षीही सुई अशीच नाचली होती?"

बोअर मारणारा बळीराम मशीनवरून उतरला. "नाचलीवती की."

"मग बोलला का नाहीत?"

उत्तराची वाट बघायला बेलाला कुठला धीर! तिने बोगद्यावरच्या इंजिनिअरला फोन लावलासुद्धा.

"शैलेश, माणसं बाहेर काढ. सगळी. आत्ता!"

"वेडी झालीस का? सेफ आहे म्हणून तुझाच रिपोर्ट आहे."

"रिपोर्ट चुकलाय. मी चुकलेय. काढ म्हणते ना!"

बळीराम पुढे धावला. "माजा प्रणित आत हाय, मॅडम."

दोघं उतारावरून धावत सुटली. बोगद्यातून माणसं कुरकुरत बाहेर येत होती, जेवण अर्धवट राहिलं म्हणून. प्रणित शेवटून तिसरा, हातात उघडा डबा. बळीरामने त्याचा दंड धरला तो सोडेचना. तेवढ्यात आत कुठेतरी धाडकन आवाज झाला आणि धुळीचा लोट तोंडाशी आला.

बेला बळीरामकडे वळली.

"दादा, तेव्हा तुम्ही एक शब्द जरी बोलला असतात..."

लेकाचा दंड न सोडता बळीरामने तिच्याकडे पाहिलं.

"बोललोवतो, मॅडम. तुमी म्हनालात, तुमी मशीन बगा."