सहावे घर

"बारालाच येणार ना तो?" लेलँडने तिसऱ्यांदा विचारले.

व्हर्नाने कॉफीचा मग त्याच्यासमोर आदळल्यासारखा ठेवला. "घड्याळ तुझ्या मनगटावर, आणि विचारतोस मला. डेन्व्हरच्या लिलावघराचा माणूस आहे तो. बारा म्हणजे बारा."

दहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. खिडकीबाहेर ऑक्टोबरचा वारा कुरणातले वाळलेले गवत एका कुशीवर निजवत होता आणि ते उठू पाहताच पुन्हा निजवत होता. लेलँडने मग उचलला, आणि न पिताच खाली ठेवला.

व्हर्नाच्या नवऱ्याला, मर्लला, जाऊन सहा आठवडे झाले होते. काचेच्या कपाटात, हिरव्या लोकरी कापडावर, त्याची सव्वीस जुनी रिव्हॉल्व्हर अजून त्याच्याच हाताने लावलेल्या ओळींत निजली होती. प्रत्येक गोळीसाठी अंगठ्याने खटका मागे ओढायचा, अशा जुन्या घडणीची. लेलँडची नजर मात्र तिसऱ्या ओळीतल्या एकाच रिव्हॉल्व्हरवर जाऊन जाऊन परत येत होती. त्याच्या गोळ्यांच्या चक्रावरच्या खोबणी इतरांसारख्या आखूड नव्हत्या. त्या मागच्या कडेपर्यंत लांब, सडपातळ उतरल्या होत्या. कारखान्याने अशी लांब खोबणीची चक्रे मोजक्याच नगांना बसवली होती. ते एक पाहण्यासाठी लोक शेजारच्या परगण्यातूनही गाडी हाकत येत, आणि मर्ल त्यांना कपाटासमोर उभे करून आधी हात पुसायला लावी.

"घे, चोकचेरीचा जॅम आहे," व्हर्ना पावाची बशी पुढे करत म्हणाली. "गेल्या सालचा. मर्लने शेवटची खुडलेली फळं."

"भूक नाही गं."

"भूक नाही, झोप नाही. डोळे बघ तुझे. काय हवंय ते बोलून टाक एकदाचं."

लेलँडने मांडीवरची पेटी उघडली. आत त्याचे स्वतःचे सर्वांत लाडके रिव्हॉल्व्हर होते. मुठीला कारखान्यातच बसवलेले हस्तिदंत, जुन्या सायीच्या रंगाचे. शेजारी कारखान्याचे पत्र. नगाचा क्रमांक कळवला की जुन्या वह्या पाहून कारखाना लेखी कळवतो, तो कोणत्या रूपात बाहेर पडला ते.

"हे तुला. बदल्यात तिसऱ्या ओळीतलं ते."

व्हर्ना हसली. "लेलँड प्रूइट, तू आयुष्यात तोट्याचा सौदा केला नाहीस. म्हणजे त्या लांब खोबणीवाल्याची किंमत याच्या दुप्पट असणार."

"तसं नाही."

"मग थांबू या की. डेन्व्हरवाला सांगेल."

"नको." तो इतक्या घाईने म्हणाला की त्यालाच आपला आवाज परका वाटला. "त्यानं यादी केली की मग काही हलवता येणार नाही, व्हर्ना. मला ते हवंय. आज. आत्ता."

अकरा वाजून पाच.

ती उठली आणि कपाटापाशी गेली. काचेवर तिच्या श्वासाचे धुके उमटले आणि विरले. "याच्यासाठी मर्लने तुला क्लोव्हर दिली होती. त्याची सगळ्यात लाडकी घोडी. ती तुझ्या गाडीत चढली तेव्हा हा माणूस कोठारात जाऊन तासभर बाहेर आला नाही."

"ठाऊक आहे."

"आणि ती मेली तेव्हा खड्डा खणायला फावडं घेऊन मर्लच आला होता तुझ्याकडे."

"व्हर्ना, ठाऊक आहे मला."

"या रिव्हॉल्व्हरचं पत्र मात्र कधी मागवलं नाही त्यानं. तूच म्हणालास ना, त्या सालच्या वह्या तुटक आहेत म्हणून? तुझा शब्द त्याला पत्रासारखाच."

त्यालाच काय, बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याला कोणत्याही संग्राहकाला लेलँडचा शब्द पुरत असे. आयुष्यात त्याने कमावलेली वस्तू ती एकच. तो खाली, आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. व्हर्नाने ते रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी, झोपलेले मूल उचलावे तसे उचलून त्याच्यासमोर ठेवले.

"मर्ल म्हणाला होता, लेलँड हेच मागायला येईल. मागेल तेव्हा दे, आणि बदल्यात काही घेऊ नकोस." तिने नाक पुसले. "चक्र कुणाला फिरवू दिलं नाही त्यानं. चरा पडतो म्हणायचा. सहाव्या घरात त्याची ती पाच डॉलरची नोट आहे, तीही तुझीच."

पाच घरांत गोळ्या, आणि खटक्याखालच्या रिकाम्या सहाव्या घरात स्वतःच्या कफनाच्या खर्चाची नोट गुंडाळून ठेवायची, अशी जुन्या गुराख्यांची रीत सांगितली जाई. मर्लला ती फार आवडे.

निघताना लेलँडने हस्तिदंती रिव्हॉल्व्हर तिसऱ्या ओळीतल्या मोकळ्या जागी ठेवले. व्हर्ना नको नको म्हणत असतानाच तो बाहेर पडला.

पावडर नदीच्या पुलावर त्याने गाडी थांबवली. वाऱ्याने दार हातातून जवळजवळ हिसकावून घेतले. कठड्याशी उभे राहून त्याने खटका अर्धा ओढला, मधला दांडा काढला, आणि चक्र तळहातावर घरंगळले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात, तळघरातल्या दिव्याखाली, ज्या आखूड खोबणी त्याने स्वतःच्या हाताने कोरून लांबवल्या होत्या, त्या अंगठ्याला अजून ओळखीच्या लागल्या. खाली नदी गढूळ आणि पुरेशी खोल होती. त्याने हात कठड्याबाहेर नेला.

मग नोट आठवली. मर्लची नोट बुडवणे त्याच्याने होईना.

त्याने चक्र उजेडासमोर धरले. पाच घरांतून आकाश दिसले. सहाव्यातली गुंडाळी त्याने काडीने ढकलून बाहेर काढली आणि वाऱ्याकडे पाठ करून उलगडली.

ती नोट नव्हती. कारखान्याच्या पत्रातून कापलेली पट्टी होती. तारीख, त्यांच्या सौद्यानंतर पाच आठवड्यांची. 'सदर क्रमांकाचे रिव्हॉल्व्हर नेहमीच्या आखूड खोबणीच्या चक्रासह रवाना झाले.' आणि खाली पेन्सिलने, मर्लच्या तिरक्या अक्षरात: 'लेलँड, घोडी मात्र अस्सल आहे. तिला नीट जप.'